तीन बोटं

आमच्या घरात एक गोष्ट आहे. ती सांगायला निमित्त लागत नाही. बारसं असो, लग्नाची बोलणी असोत, नाहीतर गणपतीत सगळी गावी जमलेली असोत, रात्रीची जेवणं उरकून पडवीत गोधड्या पसरल्या की कुणीतरी म्हणतंच, “आणि आत्याच्या हळदीला हा कसा तर्र झाला होता!” ‘हा’ म्हणजे माझा धाकटा भाऊ. तेव्हा तो चार वर्षांचा होता. आता त्याची कानशिलं पांढरी व्हायला लागली आहेत आणि त्याची मुलगी चार वर्षांची आहे.

गोष्टीचा गाभा एवढाच. वैशाखातली हळदीची रात्र, मांडवामागे ठेवलेली एक किटली, तिच्यात नारिंगी सरबत मिसळलेली मोहाची दारू, आणि ती प्यायलेलं एक मूल. यापुढचं सगळं सांगणाऱ्यागणिक बदलतं. किती प्यायला, इथपासूनच. काका म्हणतो घोटभर. आजी म्हणायची, जिभेला लागली असेल थेंबभर. आत्या म्हणते अख्खा पेला. आई काहीच म्हणत नाही.

कुणी दिली, हेही बदलतं. काकाच्या गोष्टीत पोरानं स्वतःच किटलीला तोंड लावलं. आजीच्या गोष्टीत वाडीवरच्या ठाकर गड्यानं गंमत म्हणून पाजली. आत्याच्या गोष्टीत कल्याणहून आलेल्या पाहुण्यांनी. कुणाच्याच गोष्टीत मी नाही. मी आठ वर्षांची होते आणि तो पेला मी भरला होता.

हे इतक्या वर्षांत मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. इथे आधीच सांगून टाकते. ते लपवून ठेवलं तर पुढचं एक वाक्यही मला सरळ लिहिता यायचं नाही.

गाव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर. आसनगावला गाडीतून उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात, ते पाठीशी टाकून शहापूर, शेणवे, किन्हवली असं यायचं आणि सरळगावच्या रस्त्याला लागण्याआधी आत वळायचं. आमची अर्धी सोयरीक शहापुरात, अर्धी मुरबाडात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आणि तिच्यात आजोबाचा डोंगर. त्या डोंगरात सीतेनं लव-कुशांचा पाळणा बांधला होता असं आमच्याकडे लहानपणीच सांगतात. वडील कल्याणला नोकरीला, त्यामुळे आमचं घर कल्याणला; पण मे महिना गावचा. शेतात राब भाजून झालेले असायचे, वाफ्यांवर काळी राख पसरलेली. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असायचं. शहापूर तालुक्यातूनच तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, आणि वाडीवरच्या बायका दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन उतार चढतात. ते तेव्हाही तसंच होतं.

गाव कुणब्यांचा, आणि वरच्या अंगाला ठाकरांची वाडी. वाडीवरचं एक जोडपं आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला यायचं. राबाला, लावणीला, कापणीला, लग्नकार्याला. त्याला सगळे नावानं हाक मारायचे. तिला आम्ही पोरं ‘बाय’ म्हणायचो.

त्या रात्री अंगणात मांडव होता. उंबराची मेढ, आंब्याचे टाळे, पेट्रोमॅक्सच्या दोन बत्त्या. धवलारीण बसली होती आणि तिच्या आवाजात धवळे एकामागून एक निघत होते. आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी रात्र. मटणाचा टोप चुलीवर, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, आणि मांडवामागे, गुरांच्या गोठ्याच्या आडोशाला, पुरुषांची वेगळी बैठक. ती बैठक सगळ्यांना ठाऊक असते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या घरात ‘कुणी पीत नव्हतं’. काकानं वाडीवर निरोप पाठवला होता, आणि बायचा नवरा दुपारीच दोन कॅन घेऊन उतरला होता. कॅन आमचे, पैसे आमचे, पाहुणे आमचे. म्हाताऱ्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यातली थोडी कुणीतरी सरबतात मिसळून चहाच्या जर्मनच्या किटलीत भरून ठेवली.

भावाला तहान लागली होती. आई हळदीत होती. माझ्या अंगावर नवा परकर-पोलका होता आणि मला धवळे ऐकायचे होते. सरबताची मोठी बादली पाहुण्यांसाठी. तिच्याजवळ गेलं की पोरांना हाकलायचे. गोठ्याशी किटली दिसली. मी स्टीलचा पेला भरला. पूर्ण नाही. त्यानं पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, ठसका लागला, पण गोड होतं, थंड होतं, आणि तो तहानलेला होता. मी बोट बुडवून चाखलं. जीभ चुरचुरली. मला वाटलं, सरबत नासलंय. पेल्यात उरलेलं मी आंब्याच्या मुळाशी ओतलं, माझ्या हातावर सांडलं ते परकराला पुसलं, आणि धवळे ऐकायला पळाले.

काका सांगतो तेव्हा त्याचे हात हलतात. भाऊ मांडवाच्या मधोमध कसा आला, संबळाच्या ठेक्यावर कसा गोल गोल फिरला, दावणीच्या बैलाच्या गळ्यात पडून त्याला “बाबा, घरी चला” म्हणाला, नवऱ्या मुलीच्या पाटाखाली शिरून झोपला. पडवी हसून हसून आडवी होते. काकाच्या गोष्टीत रात्र तिथेच संपते आणि सकाळ होते. पोरगं दहाला उठतं आणि भाकरी मागतं. भावाला स्वतःला काहीच आठवत नाही, पण काकाचीच गोष्ट त्यानं आपली मानली आहे. ऑफिसातही तीच सांगतो. एकदा मी विचारलं, तुला हीच का आवडते? म्हणाला, “ह्या एकाच गोष्टीत मी खूश आहे.”

काकाचं सांगणं मी खोटं म्हणत नाही. बैल मलाही आठवतो. पण दहा मिनिटांची गोष्ट तो रात्रभराची करून सांगतो. ती बैठक त्यानं भरवली होती. हसण्यावारी गेली नसती तर ती गोष्ट त्याला उरलेलं आयुष्य पुरली असती, आणि भावाभावांत त्या वर्षी जो अबोला आला तो सुटला नसता.

गड्यावर आळ घालूनही आजीच्या तोंडी दारू हा शब्द यायचा नाही. “नजर लागली पोराला. गोरंगोमटं पोर, हळदीची रात्र, चारी वाटांची माणसं.” तिनं मीठ-मोहरी उतरून टाकली आणि म्हसोबाला बोलून ठेवलं. पुढच्या पौषात, पौर्णिमेला, मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो. बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, कडाक्याची थंडी, आणि खांबलिंगेश्वरासमोर आजीनं भावाला घालायला लावलेला साष्टांग नमस्कार. घरी येताना तिनं त्याला लाकडी बैल घेतला. तिच्यापुरतं ते तिथे फिटलं. नंतर कुणी कितीही काही म्हटलं तरी ती म्हणायची, “देवानं दिला परत.” परत दिला, म्हणजे मधे तो गेला होता, हे त्या घरात फक्त तिनं आणि आईनं धरलं होतं. आजीनं ते देवाच्या भाषेत ठेवलं. आईला तीही सोय नव्हती.

आत्याचं दुःख वेगळंच. ते माझ्या ध्यानात यायला मला स्वतःचं लग्न व्हावं लागलं. हळद तिची होती. त्या रात्रीनंतर तिची हळद कुणाला आठवत नाही. सगळ्यांना आठवतो तो तिच्या पाटाखाली झोपलेला पोरगा. डोळखांबकडच्या तिच्या सासरी ही बातमी लग्नाआधीच पोचली होती. “पोरांना दारू पाजणारं घर” हे वाक्य तिनं सासूकडून, जावेकडून, नणदेकडून किती वर्षं ऐकलं असेल! तिला मूल झाल्यावर तर ते जास्तच झालं. मुलगा रडला की, “माहेरचं औषध पाज त्याला.” म्हणून आत्या ‘अख्खा पेला’ म्हणते. तिनं जेवढं सोसलं त्याच्या मापाचा तो पेला आहे. ती ही गोष्ट सांगते तेव्हा कुणी हसलं तर उठून आत जाते. मोठेपणी मीही तिच्यामागोमाग आत जायला लागले.

आईचं मात्र मी खूप उशिरा ऐकलं. वडील गेल्यानंतर एका दुपारी तांदूळ निवडताना ती आपणहून बोलली. काकाच्या गोष्टीत जिथे सकाळ होते तिथून तिची रात्र सुरू होते. पाटाखालून काढला तेव्हा तो हाताला गार लागला. मान लोंबत होती. हाक मारली की डोळे उघडायचे आणि बुबुळं वर जायची. एकदा ओकला, तेव्हा तिला बरं वाटलं. मग ओकणंही थांबलं. गाडी नव्हती. शेवटची एसटी गेली होती. दवाखाना किन्हवलीच्या पलीकडे, आणि पुरुषांत धड चालत जाईल असा कोण, हे तिला कुणाला विचारता येईना. ती माजघरात त्याला मांडीवर घेऊन बसली आणि श्वास मोजू लागली. “शंभरपर्यंत मोजायचे. मग परत एकपासून. मध्ये एखादा उशिरा आला की माझाच थांबायचा.” तिच्या खिडकीतून पहाटे आजोबाचा डोंगर काळा उठून दिसायला लागला तेव्हा तिला पाळण्यातली ती दोन मुलं आठवली. सीतेला तरी ऋषी होता, असं तिच्या मनात आलं होतं. हे तिनं तांदळातला खडा बाजूला काढावा तसं सांगितलं.

“पण आई, तू कधी विचारलं नाहीस, कुणी दिली?”

“नाही,” ती म्हणाली. “तो उठल्यावर मला काही विचारायचं उरलंच नव्हतं.”

तेव्हाच मला सांगता आलं असतं. मी सूप उचलून आत नेलं.

माझा मुलगा लहान असताना डोंबिवलीतल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांना मी हे सगळं विचारलं, दुसऱ्याच कुणाच्या मुलाची गोष्ट म्हणून. ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. मोठ्या माणसाला दारू चढते तेव्हा आपण त्याची बडबड पाहतो; मुलाच्या बाबतीत खरा धोका दिसत नाही, म्हणाले. यकृत दारू पचवण्याच्या मागे लागलं की नवी साखर बनवायचं त्याचं काम अडतं. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा मुळात थोडा, त्यात संध्याकाळपासून पोट रिकामं असलं तर रक्तातली साखर उतरत जाते. मूल गार पडतं, सुस्त होतं, झटके येऊ शकतात. घरचे म्हणतात, झोपलाय, झोपू दे. त्या झोपेतच घात असतो. उलटी मुद्दाम करवायची नाही. गुंगीतलं मूल तीच ओकारी श्वासनलिकेत ओढतं. कुशीवर ठेवायचं, अंग गरम ठेवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठायचा. “आणि हातभट्टीची असेल तर आणखी काय मिसळलंय कोण सांगणार?” २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. ती मिथेनॉलची होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मी भावाला उगाचच फोन केला.

मग डॉक्टरांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या ग्राईप वॉटरच्या बाटलीकडे बोट केलं. १८५१ मध्ये इंग्लंडात वुडवर्ड नावाच्या माणसानं हे काढलं तेव्हा त्यात दारूचा अंश होता, साडेतीन टक्क्यांच्या वर, आताच्यात नसतो. पिढ्यान् पिढ्या बाळं ते पिऊन शांत झोपली. मी घरी येऊन आमच्या फडताळातली द्राक्षासवाची बाटली काढली. लेबलावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, आपोआप तयार होणारं अल्कोहोल, पाच ते दहा टक्के. आसव आणि अरिष्टं आंबवूनच होतात, त्याशिवाय ती टिकत नाहीत. ती बाटली आजीच्याही फळीवर असायची. भूक लागत नाही म्हणून भावाला, मला, सगळ्यांना तिनं चमचा-चमचा दिलं होतं. थंडीत छातीला ब्रँडी चोळून उरलेले दोन थेंब मधातून चाटवणारी घरंही मला ठाऊक आहेत, अगदी सोवळ्यातली. मी आजीला दोष देत नाही. चमच्याचं माप ती जाणून होती. पण एकच वस्तू कुणाच्या फळीवर आहे यावरून आपण तिचं नाव ठेवतो. आमच्या फळीवर ते औषध. वाडीवरच्या मडक्यात ती दारू.

आणि त्या मडक्याला आम्ही नाव ठेवलं त्याच्या कितीतरी आधी सरकारनं ठेवलं होतं. हे मी नंतर वाचत गेले, आणि वाचताना माझ्या डोळ्यांपुढे सारखा बायचा नवरा येत होता, दोन कॅन खांद्यावर घेऊन उतरणारा. मुंबई सरकारनं १८७८ मध्ये अबकारी कायदा केला. घरोघरी, वाडीवाडीत गाळायची ती बंद करून परवान्याच्या मोठ्या भट्ट्यांची दारू दुकानातून विकत घ्यायला लावायची, असा तो बेत. उरणला अशा भट्ट्या होत्या. पण ठाण्याच्या रानात मोह फुलायचा थांबला नाही. मग १८९२ मध्ये कायदा थेट फुलावरच आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं साठवण्यावर आणि बाळगण्यावर बंधनं आली. जे फूल भुकेच्या दिवसांत शिजवून खायचं, ते घरात सापडलं तर गुन्हा. त्याच साली, १८९२ मध्येच, तानसाचं धरण पुरं झालं आणि इथलं पाणी मुंबईला जायला लागलं. एका सालात रानातल्या माणसाच्या हातून फूल काढून घेतलं गेलं आणि पाणीही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हाही ‘चोरून गाळणारे’ हा शिक्का होता तिथेच राहिला.

आदिवासी म्हणजे पिणारच, हे आमच्या पडवीतलं लाडकं वाक्य. १९२२ मध्ये याच, तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर देवी अंगात येऊ लागली. दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, असं ती सांगायची. ती हाक गावागावातून डोंगरात चढली आणि पार गुजरातच्या रानापर्यंत गेली. हजारो आदिवासींनी आपणहून मडकी फोडली. दारूच्या दुकानदारांशी आणि पारशी जमीनदारांशी वैर घेतलं. आमच्या घराण्यात कुणी कधी मडकं फोडल्याचं मी ऐकलेलं नाही. आम्ही फक्त किटलीत सरबत मिसळलं.

त्या उन्हाळ्यानंतर बायचा नवरा आमच्याकडे कामाला आला नाही. त्याला बोलावलं नाही, हे खरं. राबाची पेरणी, लावणी, कुठेच नाही. दुसऱ्या घरांनीही त्याला टाळलं. “पोराला पाजली त्यानं.” आमच्या घरातून निघालेलं वाक्य गावभर फिरलं, आणि ते मी प्रत्येक सुट्टीत ऐकलं. पुढे तो वीटभट्टीवर गेला. बाय मात्र अधूनमधून यायची, रानभाज्या घेऊन, मोहदोडे घेऊन. ओट्याच्या खाली बसायची. आजी तिला चहा द्यायची, कान तुटलेल्या वेगळ्या कपात.

दोन वर्षांपूर्वी, चैत्रात, मी एकटी गावी गेले आणि पहाटे वाडीवर चढले. मोह पडायची वेळ ती. झाडाखालचा पाचोळा झाडून जमीन लख्ख केलेली. फुलं देठ सोडून खाली येत होती. पिवळट पांढरी, मांसल, आतून पोकळ, जड मण्यासारखी. पडताना टप् असा बारीक आवाज होतो. सगळं रान तसं हळूहळू वाजत होतं. वास गोड, पण त्या गोडाच्या मागे काहीतरी कुबट. माझ्या अंगावर काटा आला, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता. बाय झाडाखाली उकिडवी बसून वेचत होती. डोळ्यांनी कमी दिसत होतं तिला, बोटांनीच वेचत होती. शेजारच्या पाटीत कालची फुलं सुकून मनुकांसारखी लाल झाली होती. वाळल्या फुलात निम्म्याच्या आसपास साखरच असते. तोंडात टाकलं की गूळ.

मी शेजारी बसले, वेचायला लागले, आणि वेचता वेचताच सांगून टाकलं. मान वर न करता.

तिचा हात थांबला नाही. “मला माहीत व्हतं,” ती म्हणाली.

“कसं?”

“तुझ्या हाताला वास येत व्हता, पोरी. परकराला पण. मीच नाही का तुझं हात राखेनं धुतलं त्या रातच्याला?”

आणि मला आठवलं. मोरीतला अंधार, खरखरीत राख, दोन हातांत धरलेले माझे हात, आणि कुणीतरी बोटाबोटांतून घासत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती हळदीची आठवण आहे, हळद उतरवायला धुतले असतील.

तिची रात्र तिनं मग सांगितली. आईच्या रात्रीला ती जोडलेली निघाली. आई श्वास मोजत होती तेव्हा तिच्या समोर बाय बसली होती. आजी ताक पाजायला आणि बोट घालून ओकायला लावायला निघाली होती. बायनं भावाला कुशीवर वळवून धरलं आणि आजीला हात लावू दिला नाही. चुलीशी जाऊन गूळ-पाणी केलं. तो डोळे उघडायचा तेवढ्यातच बोट बुडवून त्याच्या ओठाला लावायचं, त्यानं चाटलं की पुन्हा. डोळे मिटले की थांबायचं. अंगावर घोंगडी, पायाला राखेची ऊब. पहाटेपर्यंत. डॉक्टरांचं बोलणं आठवून माझे हात तिथेच गळाले. यकृत, साखर, यातलं एक अक्षर ठाऊक नसलेल्या बाईनं नेमकं तेच केलं होतं. तिला विचारलं, कसं सुचलं? म्हणाली, “पोर गार पडलं की गोड द्यायचं. आमच्यात सगळ्यांनाच ठावं.”

“मग तू का नाही बोललीस, बाय? तुझ्या माणसावर आळ आला.”

ती थोडा वेळ फुलंच वेचत राहिली. “तू आठ वर्साची. मारून टाकलं असतं तुला त्या रातीला. त्याचं काय, त्याला नावं ठेवतच व्हते. आन् आणलेली तर त्यानंच ना.”

“आणायला काकानं सांगितलेलं.”

“सांगणाऱ्याला कोन इचारतं?” एवढंच बोलून तिनं पाटी माझ्याकडे सरकवली. तो भट्टीवरून कधी परतला, शेवटी काय झालं, हे मी विचारलं. तिनं हातानंच सांगितलं, गेला. मी निघाले तेव्हा तिनं पदराच्या गाठीतून मूठभर वाळली फुलं माझ्या हातावर ठेवली. भातासोबत शिजव म्हणाली.

त्यानंतरच्या गणपतीत पडवीत गोधड्या पसरल्यावर काकानं गोष्ट सुरू केली, बैलापर्यंत आली, आणि मी म्हटलं, “काका, किटलीतून मी ओतली.” हसू मधेच राहिलं. काकानं माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर अंधारात. आत्यानं, कधी नव्हे ते, माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी बायचं सगळं सांगितलं, राखेपासून गुळापर्यंत. आई भिंतीला टेकून बसली होती. ती हळूच म्हणाली, “बोट तिचं होतं, हो. मी श्वासच बघत होते.” काका उठून ओट्यावर गेला. त्याच्या विडीचा ठिपका बराच वेळ तिथे दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाडीकडच्या वाटेनं चढताना मला दिसला. काय बोलला, मी विचारलं नाही.

सगळे पांगल्यावर भाऊ स्वयंपाकघरात गेला आणि फळीवरचा स्टीलचा पेला घेऊन आला. आजोबांचं नाव घातलेला, तोच. घासून घासून नाव पुसट झालंय.

“किती होती यात?” त्यानं विचारलं.

मी पेल्याच्या बुडाशी बोटं आडवी धरली. एक, दोन, तीन. त्यानं तांब्यातलं पाणी त्या खुणेपर्यंत ओतलं, पेला उजेडात धरून आत पाहिलं, आणि पाहतच राहिला. एवढ्यात त्याची मुलगी झोपेतून उठून डोळे चोळत आली, म्हणाली, “बाबा, पाणी.” त्यानं पेला आधी नाकाशी नेला. मग स्वतः एक घोट घेतला, आणि तिच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून संपवला आणि त्याच्या मांडीवर पुन्हा झोपून गेली.